पेंढा-मातीच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल. आतून तेलरंग मारू की भिंत उघडू?

वळचण | २१ सप्टेंबर, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवट मिळतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला सासऱ्यांच्या रानात आम्ही छोटं घर बांधलं. दोन खोल्या आणि पडवी. सांगाडा लाकडाचा, दोन-दोन फुटांवर चार इंची सागवानी खांब. खांबांच्या मधे भाताचा पेंढा चिखलाच्या काल्यात बुडवून ठासला, सहा इंच जाड. पेंढा आमच्याच खाचरातला. आतून शेणामातीचा गिलावा. बाहेरून ठेकेदाराने मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड स्क्रूने बसवले आणि वरून ॲक्रिलिकचा खरबरीत रंग दिला. पेंढा भरायला एप्रिल संपता संपता घेतला आणि मृगाच्या आत बाहेरची बाजू बंद केली. सगळ्यांना घाई होती, मलाही.

घराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे झड थेट अंगावर. छप्पर भिंतीच्या बाहेर जेमतेम सहा इंच येतं.

आता पश्चिमेच्या खिडकीखाली आतल्या गिलाव्यावर काळे ठिपके आलेत. खोली दोन दिवस बंद राहिली की भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. बाहेर तर अजून चमत्कारिक प्रकार. पाऊस नसतानाही बोर्डाच्या सांध्यांवर थेंब उभे राहतात. पुसले की तासाभरात परत. बोटाने जिभेला लावून पाहिला, खारट लागला. स्क्रूची डोकी तांबूस झालीत.

ठेकेदार म्हणतो आतून इपॉक्सी प्रायमर आणि वर तेलरंग मारू, ओल खोलीत येणारच नाही. सासरे म्हणतात पाडा आणि विटा लावा. मला दोन्ही पटत नाही. ही भिंत टिकावी असं मनापासून वाटतं. काय करू?

---

पेठेतला | २१ सप्टेंबर, रात्री १०.०५

ताई, तेलरंग अजिबात मारू नका. हात जोडून सांगतो.

शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागाचे खांब, मधल्या भिंती मातीच्या. माझ्या लहानपणापर्यंत दर वर्षी चुना मारायचे, आणि पावसाळ्यात भिंत ओली दिसली तरी दिवाळीपर्यंत आपोआप कोरडी व्हायची. मग घरात लग्न निघालं म्हणून दर्शनी भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून तेलरंग झाला. दिसायला भिंत झकास. काही वर्षांनी एका खांबाला खाली टाचणी टोचली तर ती डोक्यापर्यंत आत गेली. तळखड्याच्या वर वीतभर लाकूड पेढ्यासारखं मऊ झालं होतं. तोच खांब, तेच गाव, तोच पाऊस. फक्त वाळायची वाट बंद केली होती.

---

उत्तरेकडचा_पाहुणा | २२ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी मूळचा कळंब्याचा. गेली काही वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. तुमचं 'खारट' वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी बोर्डाबद्दल. शेजारच्या डेन्मार्कमध्ये साधारण २०१० ते २०१५ या काळात हेच मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड बाहेरच्या बाजूला वारा अडवायला म्हणून हजारो घरांना लावले गेले. त्यातला मॅग्नेशियम क्लोराइड हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. हवेची आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास गेली की बोर्डाला घाम फुटतो आणि खारं पाणी ठिबकतं. तिकडे लोक त्यांना 'रडणारे बोर्ड' म्हणायला लागले. खिळे-स्क्रू गंजले, मागचं लाकूड भिजलं, बोर्ड उतरवावे लागले, मोठे दावे झाले. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवा आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांवर असते. म्हणजे तुमच्या भिंतीला बाहेरून ओलं फडकं गुंडाळल्यासारखं झालंय. सगळेच बोर्ड असे नसतात, सल्फेटवर बांधलेले बरे निघतात. पण तुमचे रडतायत, तेव्हा ते उतरवायचेच.

आता तेलरंग का नको. पश्चिमेची भिंत सकाळभर पावसाने भिजते. श्रावणात दुपारी ऊन पडतं, भिंतीची बाहेरची बाजू तापते. तापलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती गार बाजूकडे, म्हणजे आत सरकते. आज ती शेणामातीच्या गिलाव्यातून खोलीत निघून जाते. उद्या तिथे इपॉक्सी असेल तर ती त्याच्या मागे अडकेल आणि तिथेच पाणी होईल. काळे ठिपके दिसायचे बंद होतील आणि पेंढा आत कुजत राहील. दिसत नाही म्हणून ते जास्त वाईट.

थंड देशात आतल्या बाजूला प्लास्टिकचा पडदा लावतात, कारण तिकडे वर्षातला बराच काळ वाफ आतून बाहेर जाते. तिथलं चित्र बघून इथे तसंच करणारे खूप आहेत. आपल्याकडे तो पडदा चुकीच्या बाजूला पडतो.

एक गैरसमजही दूर करतो. 'भिंत श्वास घेते' असं सगळे म्हणतात. भिंतीतून वारा जाता कामा नये, फटी बुजवायलाच हव्यात, कारण फटीतून येणारी दमट हवा गिलाव्यातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आत आणते. वाफेला मात्र वाट हवी. माती आणि चुना हे बरोबर करतात.

आकडे थोडक्यात. लाकडात २८-३० टक्के ओलावा झाला की त्याचे तंतू तुडुंब भरतात, त्याच्या आसपास लाकूड कुजवणारी बुरशी जोर धरते. २० च्या खाली ठेवलं तर ती येत नाही. नुसता वास मारणारी, डाग पाडणारी बुरशी त्याआधीच येते. पृष्ठभागालगत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की पुरे. इमारतींच्या ओलाव्यासाठीच्या अमेरिकेतल्या ॲश्रे १६० या मानकाने सुरुवातीला हीच कसोटी धरली होती, ३० दिवसांची सरासरी ८० च्या खाली.

पण आपल्याकडे बाहेरची हवाच महिनाभर त्यापेक्षा वर असते! आषाढात कपाटात ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरी बुरशी येते, ती काय गळक्या छपरामुळे येते का? त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने भिंत दमट असणारच हे धरून चालायचं. प्रश्न एवढाच की तिला वरून पाणी लागू नये आणि उरलेल्या आठ महिन्यांत ती पूर्ण वाळावी.

टोचायचा ओलावामापक मिळतो, तो आणा. आधी पडवीतल्या कोरड्या खांबाचं माप घ्या, तो तुमचा मापदंड. मग भिंतीतल्या लाकडाचं माप वेगवेगळ्या उंचीवर घ्या. पेंढ्यात टोचून येणारा आकडा खरा धरू नका, यंत्र लाकडासाठी असतं. तिथे फक्त कुठे जास्त, कुठे कमी एवढंच बघा.

---

रंधा | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.४८

ताई, मी सुतार. साहेबांनी सांगितलं ते बरोबर हाय. मी फक्त तीन गोष्टी इचारतो.

खांबाखाली जोत्यावर जी आडवी पाटी टाकली, ती कुठल्या लाकडाची? तिच्याखाली डांबरी फेल्ट घातलं का थेट सिमेंटवर ठेवली? आणि खिडकीच्या खालच्या चौकटीला बाहेरून उतार हाय का, आणि तळाला पाणी तोडणारी खाच मारलीय का?

खाच नसली तर पाणी चौकटीच्या पोटाला धरून सरळ भिंतीत जातं. करवतीची एक रेघ मारायचं काम, पण आजकाल कोण मारतंय. आणि खांबाचं बूड पाण्यात उभं राहिलं तर सागसुद्धा हार खातो. लाकडाच्या नळ्या उभ्या असतात, बुडातून पाणी वर ओढतात. म्हणून तर म्हातारी माणसं तळखडा घालत होती.

---

वळचण | २४ सप्टेंबर, रात्री ८.२०

मापक आणला. काल आणि आज दोन्ही दिवस मापं घेतली, जवळपास सारखीच आली.

पडवीतला खांब १८. आतल्या मधल्या भिंतीतला खांब १८. पश्चिमेच्या भिंतीत वर, छपराखाली २०. मधे २२. खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत ३०, आणि तिथून सरळ खाली जोत्यापर्यंत २९-३०. खिडकीपासून चार फूट लांब मात्र जोत्याजवळ २४. पूर्वेची भिंत सगळीकडे १९-२०.

रंधादादा, पाटी निलगिरीची निघाली. मला साग सांगितला होता. खाली फेल्ट नाही. चौकटीला उतार नाही, खाच नाही. मी तिथे उभी राहून बोटाने चाचपडून पाहिलं, चौकटीचं पोट अजूनही ओलं होतं, आणि तीन दिवस पाऊस नाही.

---

उत्तरेकडचा_पाहुणा | २४ सप्टेंबर, रात्री १०.१०

ताई, ही मापं फार बोलकी आहेत. पडवीतला मोकळा खांब १८ म्हणजे सध्याच्या हवेत कोरडं लाकूड तेवढंच असणार. पूर्वेची भिंत १९-२०, म्हणजे पेंढा-माती ठीक आहे. सगळी भिंत दमट म्हणून पेंढ्याला दोष द्यायचा, तर पूर्वेलाही तेच दिसायला हवं होतं. पाणी खिडकीतून शिरतंय, बोर्ड त्यात भर घालतोय, आणि जोत्याचं पाणी पाटी ओढतेय. ३० च्या पुढे हे यंत्र भरवशाचं नाही, तेव्हा प्रत्यक्षात जास्तही असेल.

स्वीडनमध्ये २००७ च्या सुमाराला असंच उघडकीला आलं. लाकडी सांगाड्यावर थर्माकोल आणि त्यावर थेट पातळ गिलावा, मधे पोकळी नाही. हजारो घरं. भिंत उघडली की सड बहुतेक खिडक्यांच्या कोपऱ्यांखालीच. शिरलेलं थोडंसं पाणी बाहेर पडायला जागाच नव्हती.

सासऱ्यांना हेही सांगा: फ्रान्समध्ये मोंतार्जी गावात १९२० साली लाकडी सांगाड्यात पेंढ्याच्या गाठी भरून बांधलेलं घर आजही उभं आहे.

---

गुऱ्हाळ_कागल | २५ सप्टेंबर, सकाळी ६.५५

भिंत उघडणार असाल तर तोंडाला चांगला मास्क बांधा. साधा रुमाल चालणार नाही.

आमच्या गुऱ्हाळावर चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. ते आम्ही रानात पातळ पसरतो, उन्हात खडखडीत झाल्याशिवाय चुलवाणाकडे नेत नाही. एकदा वळीव आला आणि ओल्या चिपाडाचा ढीग तसाच राहिला. चार दिवसांनी हात घातला तर आत चटका बसला, नुसती वाफ. उकरताना पांढरी धूळ उडाली, माझ्या चुलत्यांना आठवडाभर ताप आणि दम लागला. डॉक्टर म्हणाले कुजलेल्या चिपाडाच्या धुळीने फुप्फुसाला होतं, त्याला बगॅसोसिस म्हणतात. बुरसटलेल्या पेंढ्यानं, गवतानंही तसंच होतं.

पेंढा असो की चिपाड, ज्या दिवशी कोंडलं त्या दिवशी ते वाळलेलं होतं का, हे पहिलं बघायचं.

---

वळचण | २५ सप्टेंबर, सकाळी ९.१०

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. वाळलेलं नव्हतं. एप्रिलअखेर भरलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद केलं. ठासताना माझ्याच हातांना चिखल लागला होता आणि बंद करताना बोट आत घातलं तर गार लागत होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

---

उत्तरेकडचा_पाहुणा | २५ सप्टेंबर, दुपारी १२.४०

पेंढा-मातीला कोरड्या हवेतसुद्धा इंचाला साधारण एक आठवडा धरतात, तोही दोन्ही बाजू उघड्या असताना. अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत २०१५ पासून या भिंतींचं वेगळं परिशिष्ट आहे, त्यात गिलाव्याआधी आतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा अशी अट आहे. आपल्याकडे पेंढा दिवाळीनंतर भरावा आणि होळीनंतर बंद करावा. तोपर्यंत नवा पेंढाही हातात असतो.

---

पंचगंगाकाठ | २५ सप्टेंबर, रात्री ९.३३

वाचणाऱ्यांपैकी नदीकाठी कुणी असं बांधणार असेल त्यांच्यासाठी. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ ला परत आलं. पुरात बुडालेला पेंढा वाळत नाही, काढूनच टाकावा लागतो. आमच्याकडे चिखली-आंबेवाडीच्या बाजूला पूररेषेच्या वरपर्यंत काळा दगडच घाला, पेंढ्याची भिंत वरच्या मजल्यावर.

---

वळचण | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

काल पश्चिमेची बाजू उघडली. सविस्तर लिहिते.

बोर्ड उतरवताना खालच्या रांगेतले स्क्रू फिरवले की डोकी तुटून हातात येत होती. बोर्डाची मागची बाजू घामेजलेली, तिथे हात ठेवला तर तळवा चिकट झाला. वरच्या दोन फुटांतला पेंढा सोनेरी, काडी वाकवली तर टचकन मोडली, मातीचा वास. खिडकीपासून खाली रंग बदलत गेला: पिवळा, मग चहासारखा, मग काळपट. खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली ओंजळभर पेंढा काढला तर तो काडी-काडी राहिलाच नव्हता, शेणखतासारखा एकजीव झाला होता. निलगिरीच्या पाटीत पटाशी घातली, दोन इंच आत गेली, जोर न लावता.

आणि सागाचे खांब? फक्त बुडाला बोटभर काळे. गाभ्याचं लाकूड टणक आहे. रंधादादा स्वतः येऊन बघून गेले, त्यांचे किती आभार मानू कळत नाही.

कुजलेला भाग सगळा काढला, खिडकीखालचा साधारण पाच फूट रुंद पट्टा. सासरे शेजारी उभे होते. वरचा सोनेरी पेंढा त्यांनी हातात चुरून पाहिला, नाकाला लावला आणि म्हणाले, "हा तर गोठ्यात घालण्यासारखा हाय." विटांचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.

---

रंधा | १३ ऑक्टोबर, रात्री ८.१५

ऐका आता काय करायचं. घाई नको. दोन्ही बाजूंनी उघडं ठेवा, ऑक्टोबरचं ऊन लागू दे, मग थंडीचा कोरडा वारा. दोन्ही खांबांची बुडं मी चार इंच कापतो आणि काळ्या दगडाचे तळखडे घालतो. पाटी सागाच्या गाभ्याची, कडेचं पांढरं लाकूड तासून टाकलेली. खाली डांबरी फेल्ट. पाटी जमिनीपासून दीड फूट तरी वर हवी, पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते तिथवर पोचतं. तुमची पाऊण फुटावर हाय.

बाहेर बोर्ड नको. चुन्याचा गिलावा, त्यावर उभ्या रिपा इंचभर जाडीच्या, आणि रिपांवर आडव्या फळ्या, वरची खालचीवर चढलेली. फळी भिजली तर भिजू दे, मागची इंचभर पोकळी तिला वाळवते. पोकळी खाली-वर उघडी, तोंडाला बारीक जाळी, नाहीतर उंदीर संसार मांडतील. छप्पर हात-दीड हात पुढं काढा आणि खिडकीवर छज्जा.

---

आजऱ्याची_सून | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.०२

आम्ही आजऱ्याजवळ बांबूच्या कुडाच्या भिंतींची पाहुण्यांसाठी खोली बांधतोय. बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलाय. एसी लावायचा विचार आहे. काही धोका?

---

उत्तरेकडचा_पाहुणा | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४५

दोन गोष्टी. बोरॅक्स-बोरिक किड्याला आणि बुरशीला चांगलं, पण ते पाण्यात विरघळतं. भिंतीला सतत पाऊस लागला तर धुऊन जातं. तेव्हा तो बांबू छपराखाली कोरडाच राहायला हवा. शिवाय असं मुरवलेल्या बांबूत-लाकडात मापक जरा जास्त आकडा दाखवतो, घाबरू नका.

एसीचं गणित असं. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण २३ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की दव धरते. तुम्ही खोली २० वर नेलीत तर भिंतीच्या आतल्या थरांत ते होणार. प्लायवूड, लॅमिनेट, विनाइलचा वॉलपेपर यांतलं आत काही लावू नका. पाहुण्यांना पावसाळ्यात पंखा द्या. एसी एप्रिल-मेसाठी ठेवा, हवा कोरडी असते.

---

वळचण | ९ मार्च, सकाळी ११.३०

सगळ्यांना कळवते. नोव्हेंबरात नवा पेंढा भरला, या वेळी कालाही पातळ ठेवला. जानेवारीपर्यंत दर रविवारी मापं वहीत लिहिली. खिडकीखालचे जुने खांब ३० वरून १७, मग १३, आज ११. पडवीतला खांबही ११. चुन्याचा गिलावा झाला, रंधादादांनी रिपा मारल्या, पुढच्या आठवड्यात फळ्या. चौकटीला उतार दिला आणि खालून खाच मारली. ती रेघ त्यांनी माझ्या मुलाच्या हातून मारून घेतली. घरासमोरच्या मातीला उतार दिला आणि पागोळीच्या रेषेत खडी टाकली.

ठेकेदाराने बोर्डाचे पैसे परत दिले नाहीत. काढलेले बोर्ड अजून मागे उभे आहेत. कुणाला उपयोग माहीत असेल तर सांगा, मात्र भिंतीला नको.

---

वळचण | १७ ऑगस्ट, रात्री ८.५०

तीन आठवडे सूर्य नीट दिसलेला नाही. आज सकाळची मापं: पडवीतला खांब १८, पूर्वेची भिंत १८, पश्चिमेला खिडकीखाली डावीकडे १९, उजवीकडे १८. फळ्यांची बाहेरची बाजू चिंब, पण जाळी काढून पोकळीत बोट घातलं तर चुना कोरडा लागला. खोलीत वास नाही.

एकच शंका. डावीकडच्या जाळीच्या तोंडाशी मुंग्यांनी माती आणून लावलीय, बोटभर लांबीची. वाळवी नाही, लाल मुंग्या आहेत, नीट बघितलं. रंधादादा, जाळी काढून साफ करू की पाऊस संपेपर्यंत थांबू?

---

रंधा | १७ ऑगस्ट, रात्री ९.२५

उद्याच साफ करा, थांबू नका. पोकळीचं तोंड बुजता कामा नये. जुना दात घासायचा ब्रश घ्या, खालून वर झाडा, आणि जाळीच्या मागं एकदा बॅटरी मारून आत मातीची रेघ वर चढलीय का ते बघा. चढली असेल तर मला फोटो टाका, मी रविवारी येतो.